चौदा सेकंदांची घाई

कुठल्याही शहरातल्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचारा, इथला सगळ्यात मोठा त्रास कोणता, पहिल्या दोन-तीन उत्तरांत हे हमखास येतं की गाड्या फार जोरात जातात. आणि उपायही प्रत्येकाकडे तयार असतो, स्पीडब्रेकर टाका. मग पुढचा प्रश्न विचारून बघा, टाकायचा कुठे? इथे सगळे एकदम गप्प. कारण स्पीडब्रेकर सगळ्यांनाच हवा असतो, फक्त तो दुसऱ्याच्या दारासमोर. आपल्या दारासमोर नको, रात्रभर गाड्या धाडधाड आदळतात, रिकामा टेम्पो गेला की खिडक्या वाजतात, घरात म्हातारं माणूस झोपलेलं असतं. एकूण रस्ता सगळ्यांचा, वेग परक्यांचा आणि स्पीडब्रेकर शेजाऱ्यांचा अशी वाटणी आहे.

मी या विषयात जरा जास्तच नाक खुपसलंय. आमच्या गल्लीतल्या लोकांबरोबर मिटिंगा केल्यात, पालिकेत खेटे घातलेत, रात्री जागून जगभरच्या रस्त्यांबद्दल वाचत बसलोय (घरचे याला व्यसन म्हणतात, आणि मी वाद घालत नाही). त्यातून एक मत पक्कं होत गेलंय ते आधीच सांगून टाकतो. गल्लीतला वेग कमी कसा करायचा हे इंजिनिअर लोकांना पन्नासेक वर्षांपासून चांगलं माहितीये, अडतंय ते शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यात, आणि हे काम पालिकेवर ढकलून देता येत नाही.

आधी स्पीडब्रेकरचंच बघू. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत यावर नीट प्रयोग झाले आणि त्यातून जो आकार निघाला तो ३.७ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर उंच. म्हणजे चांगला पसरट. योग्य वेगात गेलात तर गाडी हळूच चढते आणि उतरते, जोरात गेलात तर मात्र सीटवरून उडता. जागोजाग दिसतात ते बरेचसे याच्या उलट असतात, अरुंद आणि ताठ, आणि त्यांची गंमत अशी की हळू गेलं तर कंबरेत सणक जाते पण जोरात गेलं तर सस्पेन्शन तो झटका बऱ्यापैकी गिळून टाकतं. म्हणजे शिक्षा कोणाला, तर जो हळू चाललाय त्याला. शिवाय एकटादुकटा स्पीडब्रेकर काही कामाचा नसतो, लोक तिथपर्यंत सुसाट येतात, करकचून ब्रेक मारतात, धप्प, आणि मग कोणावर तरी राग काढायचाय अशा थाटात ॲक्सिलरेटर पिळतात, त्यामुळे दोन स्पीडब्रेकरमधलं अंतर फार झालं तर मधल्या पट्ट्यात वेग होता तसाच राहतो आणि आवाज आणि धूर तेवढा वाढतो. ॲम्ब्युलन्सवाल्यांचा आणि फायर ब्रिगेडवाल्यांचा पण याला विरोध असतो आणि तो खोटा नाही. त्यावर उपाय म्हणून काही शहरांत अख्ख्या रुंदीचा उंचवटा न करता मध्ये उशीसारखे चौकोनी तुकडे बसवतात, कारचं निदान एक चाक त्यावर चढतंच पण ॲम्ब्युलन्सची चाकं लांब-लांब असल्याने ती दोन्हीकडून निघून जाते. साधी आयडिया आहे, पण आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हती, मलाही नव्हती.

असो. आमच्या गल्लीत पहिलं काम ठरलं ते मोजायचं. कारण मिटिंगमध्ये एकजण म्हणायचा शंभरच्या स्पीडने जातात, दुसरा म्हणायचा छे हो, चाळीसने जात असतील, आणि दोघंही शपथेवर बोलत असल्यासारखे बोलायचे. रडार गन वगैरे काही लागत नाही त्याला. टेप घ्यायची, रस्त्याकडेला खडूने दोन रेघा मारायच्या, मध्ये बरोबर ५० मीटर. एकाने पहिल्या रेघेपाशी थांबून गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की हात खाली करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या रेघेपाशी मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करायचं आणि गाडी तिथे पोचली की बंद. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर ताशी ३० किलोमीटर. ३.६ सेकंद लागले तर ताशी ५०. एवढंच गणित. हातच्या घड्याळाने थोडं इकडेतिकडे होतं, पण पुष्कळ गाड्या मोजल्या की अंदाज पक्का येतो.

यात पहिली मजा ही झाली की आम्ही हातात वही घेऊन उघड्यावर उभे राहिलो की लोक आपोआप हळू व्हायचे. काहीजण तर काच खाली करून विचारायचे, काय सर्व्हे आहे का? म्हणून मग झाडाच्या आडोशाला उभं राहावं लागलं. दुसरी गोष्ट, कान साफ फसवतात. सगळ्या गल्लीचा ज्या मोटारसायकलवर राग होता, सायलेन्सर फाटल्यासारखा आवाज करत जाणारी, ती ३५ च्या आसपास निघाली. आणि काहीच आवाज न करता सरकत गेलेली एक इलेक्ट्रिक कार पन्नासच्या वर. तिच्याबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती, कारण ती कोणाला ऐकूच आली नव्हती.

तिसरी गोष्ट जरा नाजूक होती. बहुतेक गाड्या ठीकठाक वेगात जात होत्या, सुसाट जाणाऱ्या थोड्याच होत्या, पण त्या थोड्यांमध्ये आमच्याच गल्लीतल्या बऱ्याच निघाल्या. सुरुवातीला आम्ही गाड्यांचे नंबर पण लिहीत होतो. एका काकांनी वही हातात घेतली, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले आणि हळूच म्हणाले, अरे ही तर आमच्या सूनबाईंची गाडी. त्या दिवसापासून नंबर लिहायचं बंद. फक्त वेळ आणि सेकंद. मला वाटतं हा त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण नंबरांची यादी ग्रुपवर गेली असती तर पुढची पाच वर्षं आम्ही वेगाबद्दल नाही, फक्त त्या यादीबद्दल भांडलो असतो. ब्रिटनमध्ये गावोगावी स्वयंसेवक असं मोजायचं काम करतात, पण तिथे पोलीस त्यांना ट्रेनिंग देतात, हे लोक चमकदार जॅकेट घालून उभे राहतात आणि नंबर पोलिसांकडे जातो, गाडीमालकाला पत्र पोलीस पाठवतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला काही बोलायचंच नाही, हे त्यातलं डोकं.

आकडे हातात आल्यावर पुढचा वाद, ३० आणि ५० मध्ये असा काय मोठा फरक? इथे मी कागद काढला. ड्रायव्हरला काहीतरी आडवं आलेलं दिसतं, तिथपासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात ३० च्या वेगाने गाडी सव्वाआठ मीटर पुढे जाते, ५० च्या वेगाने जवळपास १४ मीटर. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरले तर ३० वाली गाडी त्यानंतर साधारण पाच मीटरात उभी राहते, म्हणजे सगळं मिळून तेरा-साडेतेरा मीटर. आता परत वाचा. ३० वाली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे पोचेपर्यंत ५० वाल्याचा पाय ब्रेकला लागलेलाही नसतो. तो तिथून पूर्ण वेगात जातो. बॉलमागे पळत आलेलं पोरगं त्या तेराव्या-चौदाव्या मीटरवर असेल तर एका गाडीपासून ते वाचतं आणि दुसऱ्या गाडीला ते असून नसल्यासारखंच आहे. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते हे शाळेत शिकलेलो असतोच, त्या हिशोबाने ५० ची धडक ३० च्या पावणेतीन पट.

आणि हे सगळं वाचवतं काय? समजा गल्ली ३०० मीटरची आहे. ३० ने गेलात तर ३६ सेकंद, ५० ने गेलात तर साधारण साडेएकवीस. वाचले चौदा सेकंद. पुढच्या सिग्नलला लाल दिवा असतोच.

हा कागद मी मिटिंगमध्ये फिरवला आणि मला वाटलं होतं की आता सगळे पेटून उठतील. तसं काही होत नाही हो. लोकांनी बघितला, छान छान म्हणाले, आणि गाड्या दुसऱ्या दिवशी तशाच. कारण कोणीही गाडी चालवताना वर्गाचं गणित करत नाही, वेगमर्यादेची पाटी पण फार कोणी वाचत नाही. पायाला वेग रस्ता सांगतो. सरळ, रुंद, लांबवर रिकामा दिसणारा रस्ता असेल तर पाय आपसूक दाबला जातो, त्यात माणूस वाईट असायची गरज नाही. समोर वळण असेल, झाडं जवळ असतील, रस्ता अरुंद वाटत असेल तर तोच माणूस तीच गाडी हळू चालवतो. कोपऱ्यांचं तसंच. कोपऱ्याचा फूटपाथ मोठ्या गोलाईत कापलेला असला की गाडी वेग न तोडता गल्लीत शिरते, तोच कोपरा जरा काटकोनी केला की वळायला गाडी हळू करावीच लागते. आमच्या गल्लीत मी एक दिवस नुसतं खाली बघत चाललो तर रस्त्यावरच सगळं लिहिलेलं होतं, मधला भाग टायरांनी घासून काळा गुळगुळीत, आणि कोपऱ्यांशी मातीचे, वाळक्या पानांचे मोठे त्रिकोण साठलेले, म्हणजे तिथे कुठलंच चाक कधी जात नाही. एवढी जागा रस्ता म्हणून डांबरीकरण करून ठेवलीये आणि ती कोणालाच लागत नाही! बर्फ पडणाऱ्या शहरांत लोक याचेच फोटो काढतात, न तुडवलेल्या बर्फाचे, आणि ते घेऊन पालिकेत जातात की बघा, एवढा कोपरा आम्हाला चालायला देऊन टाका, गाड्यांचं काही अडत नाही.

हे सगळं वाचताना मला जो माणूस भेटला आणि मग डोक्यातून गेलाच नाही तो डोनाल्ड ॲपलयार्ड, शहररचनेचा अभ्यासक. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्याने सॅन फ्रान्सिस्कोमधले एकमेकांना लागून असलेले तीन निवासी रस्ते निवडले. साधारण सारखेच, फक्त रहदारी वेगवेगळी, एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. आणि मग घरोघर जाऊन विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती, ओळखीचे किती, तुम्ही कुठे उभे राहून गप्पा मारता. शांत रस्त्यावरच्या माणसाला सरासरी ३ मित्र निघाले, वर्दळीच्या रस्त्यावरच्याला एकही धड नाही, ०.९. ओळखीचे लोकसुद्धा अर्ध्यावर. त्याने मैत्रीच्या रेघा नकाशावर काढल्या, शांत रस्त्यावर या घरातून त्या घरात जाळंच झालंय आणि वर्दळीच्या रस्त्यावर रेघा फूटपाथवरच अडकल्यात, पलीकडे जातच नाहीत. अजून एक विचारलं होतं त्याने, तुमचं घर कुठपर्यंत आहे असं तुम्हाला वाटतं? शांत रस्त्यावरच्यांनी जवळजवळ अख्खा रस्ताच आपला म्हणून दाखवला. वर्दळीच्या रस्त्यावरच्यांचं घर दाराच्या आतच संपत होतं.

मला यातली बोच अशी वाटते की हे दोन्हीकडून चालतं. गाड्या वाढल्या की माणसं आत जातात, आणि माणसं आत गेली की रस्ता रिकामा दिसतो, आणि रिकामा रस्ता दिसला की पाय दाबला जातो. हे चक्र कुठून तोडायचं? मला वाटतं दोन्ही टोकांना हात घालावा लागतो, नुसतं डांबर बदलून भागत नाही आणि नुसती मिटिंग घेऊन तर अजिबात नाही. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने मेला.

नेदरलँड्सचं उदाहरण सगळेच देतात, आणि देताना असं बोलतात जणू ते लोक जन्मतःच सायकलवर बसून आले. तसं काही नव्हतं. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली आणि त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी गाडीखाली गेली, त्याने १९७२ मध्ये एक संतापलेला लेख लिहिला, 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाचं मथळ्याचं नाव होतं आणि तेच पुढे चळवळीचं नाव झालं. आईबाप रस्ते अडवून बसले, मुलांनी टेबलं मांडली, पार्लमेंटपर्यंत गेले. डेल्फ्ट शहरात त्याच्या थोडं आधीच योस्त व्हाल नावाच्या पालिकेच्या इंजिनिअरने आणि त्याच्या बरोबरच्यांनी रहिवासी रस्ते वेगळ्याच तऱ्हेने बांधायला घेतले होते, फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत, मध्ये झाडं, बाक, गाडीला सरळ रेषेत जाताच येणार नाही अशी मांडणी. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना, म्हणजे वूनएर्फला, कायद्याने जागा मिळाली, पायी चालणाऱ्याने आणि खेळणाऱ्या मुलाने रस्त्याची अख्खी रुंदी वापरायची आणि गाडीने चालण्याच्या वेगात जायचं. मला इथे महत्त्वाचं हे वाटतं की खुर्चीत बसलेला इंजिनिअर आणि रस्त्यावर बसलेले आईबाप एकाच वेळी एकाच बाजूला होते. नुसता इंजिनिअर असता तर एक-दोन मॉडेल रस्ते होऊन फाईल बंद झाली असती, आणि नुसते आईबाप असते तर सरकारने कौतुकाने निवेदन स्वीकारलं असतं. निवेदन स्वीकारणं ही एक कला आहे, आम्ही ती जवळून बघितलीये.

तर आमच्याकडे. पालिकेच्या ऑफिसात आधी सांगितलं गेलं की तुमच्या रस्त्यावर अजून गंभीर अपघात झालेला नाही. म्हणजे नियमाप्रमाणे आधी कोणीतरी मरायला पाहिजे? तिथला माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडच्या फॉर्ममध्ये तोच रकाना होता. मग बरीच चर्चा होऊन निघालं ते असं की पक्कं बांधकाम आत्ता नको, काही आठवडे तात्पुरतं करून बघू. रंग, पाणी भरलेले प्लास्टिकचे ड्रम आणि मातीच्या मोठ्या कुंड्या. दोन्ही तोंडांशी कोपरे आवळायचे, मध्ये एका ठिकाणी रस्ता इतका अरुंद करायचा की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीने थांबावं. तात्पुरतं हा शब्द ऐकल्यावर विरोध करणारे निम्मे लोक शांत झाले, कारण आवडलं नाही तर उचलून टाकता येतं. नंतर वाचलं की पुष्कळ शहरं हेच करतात, आधी रंग आणि कुंड्या, मग सिमेंट.

ड्रम कुठे ठेवायचे यावर ग्रुपवर जे काय चाललं ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा सुरू होईल. पण एक गोष्ट सांगतो. कोणीतरी म्हणालं की कचऱ्याची गाडी वळणार नाही. खरंच होतं ते, कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग भल्या पहाटे कचऱ्याच्या गाडीची वाट बघत आम्ही कोपऱ्यावर उभे. ड्रायव्हर आला, बघितलं, काही बोलला नाही, एकदा गाडी वळवून बघितली, मागचं चाक ड्रमला घासलं. खाली उतरला, ड्रमला पायाने ढकलत साधारण वीतभर मागे नेला, दुसरा ड्रम जरासा तिरका केला, परत गाडीत बसला आणि एका दमात वळला. जाताना खिडकीतून म्हणाला, आता ठेवा असंच. आम्ही खडूने त्या ड्रमांभोवती गोल काढून घेतले. कागदावर चार वेळा बदललेलं डिझाइन त्या माणसाने दोन मिनिटांत फायनल केलं आणि त्याला एकाही मिटिंगला कोणी बोलावलेलं नव्हतं.

तसाच एक डिलिव्हरीवाला मुलगा. सगळ्यांचा त्याच्यावर डोळा, हेच जोरात जातात. त्याला थांबवून विचारलं तर म्हणाला, दादा मला काय हौस आहे का, उशीर झाला की माझं रेटिंग जातं. त्याचे पण ते चौदा सेकंदच आहेत, पण ते दुसऱ्याच कोणीतरी मोजतंय. आणि ऑर्डर देऊन खिडकीतून वाट बघणारे आपण. त्याच्यावर ड्रम काय करणार मला खरंच सांगता येत नाही.

गल्लीतले एक आजोबा मात्र सगळ्यात कामाचे निघाले. मध्ये जिथे रस्ता आवळला होता तिथे कुंड्यांच्या मागे त्यांनी स्वतःची खुर्ची टाकली आणि संध्याकाळी पेपर वाचत बसायला लागले. झालं. खुर्चीत बसलेला माणूस दिसला की गाड्या हळू. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डेव्हिड एंगविक्ट नावाच्या माणसाने हीच गोष्ट आयुष्यभर सांगितली, की ड्रायव्हरला पुढे काय होईल याची खात्री नसली, रस्त्याकडेला काहीतरी बघण्यासारखं असलं, माणसं दिसली, की त्याच्या डोक्यातच स्पीडब्रेकर तयार होतो. आजोबांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. त्यांना घरात उकडत होतं.

अमेरिकेत पोर्टलंडला १९९६ मध्ये एका चौकातल्या शेजाऱ्यांनी सरळ रस्त्यावर मोठ्ठं चित्र रंगवलं, कोपऱ्यावर चहाचा ठेला, मुलांसाठी खेळघर, पुस्तकांचं कपाट, सूचनाफलक. पालिकेने आधी डोळे वटारले, परवानगी कुठाय वगैरे, आणि नंतर त्याच पालिकेने अशा चौकांसाठी रीतसर नियम केला, ज्यात आसपासच्या बहुसंख्य घरांची संमती लागते. सिएटलमध्ये तर गल्ल्यांच्या चौकात मधोमध छोटे गोल बांधायची पद्धत पडलीये, हजाराहून जास्त आहेत ते, आणि त्यातली झाडं तिथले रहिवासी लावतात आणि जगवतात. मला हे आवडतं कारण जो माणूस रोज त्या झाडाला पाणी घालतो तो त्या चौकातून सुसाट जाणं जरा अवघडच.

आता दुसरी बाजू, कारण हे सगळं फारच गोड वाटायला लागलंय. रहिवाशांचा सहभाग म्हणजे नक्की कोणाचा? मिटिंगला येतो तो ज्याच्याकडे संध्याकाळ मोकळी आहे, ज्याला बोलता येतं, अर्ज लिहिता येतो. रात्रपाळीवाला येत नाही, तान्हं मूल असलेली बाई येत नाही, भाडेकरूला तर कोणी विचारतच नाही की तू किती दिवस राहणार. म्हणून जिथे जिथे सह्या गोळा करा मग करून देतो अशी पद्धत आहे तिथे शिकलेल्या, सवड असलेल्या लोकांचे रस्ते आधी शांत होतात, आणि जे आधीच बऱ्यापैकी शांत होते तेच अजून शांत होतात. गाड्या कुठे जातात? बऱ्याचशा पलीकडच्या गल्लीत, किंवा मोठ्या रस्त्यावर, आणि मोठ्या रस्त्यावरही माणसं राहतातच. २०२० मध्ये लंडनमध्ये घाईघाईने बऱ्याच भागांत कुंड्या ठेवून गल्ल्यांमधून आरपार जाणं बंद केलं, तेव्हा यावरूनच एवढी भांडणं झाली की रात्रीत येऊन लोक कुंड्या उलथवून जायचे. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवरची मर्यादा एका फटक्यात ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली, आणि विरोधात साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या, जेमतेम तीस-एकतीस लाख लोकवस्तीच्या देशात. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. पण लोकांना तो वरून अंगावर टाकल्यासारखा वाटला, आणि तसं एकदा वाटलं की मग आकडे कोणी ऐकत नाही.

तरीही मी सगळं लोकांवर सोडा म्हणणाऱ्यांतला नाही. प्रत्येक गल्लीने स्वतः मोजायचं, स्वतः भांडायचं, स्वतः ड्रम ढकलायचे, मग तिच्या पोरांनी सुरक्षित राहायचं, हा काही न्याय नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मोठे रस्ते सोडून बाकी सगळीकडे ३० ची मर्यादा करून टाकली. हेलसिंकीत आता निम्म्याहून जास्त रस्ते ३० चे आहेत, आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिथे जाहीर झालं की मागच्या बारा महिन्यांत शहरात वाहतूक अपघातात एकही माणूस दगावलेला नाही. सात लाखांच्या जवळपास वस्तीचं शहर आहे ते. तिथे जादू काही नाही, वर्षानुवर्षं कमी वेग, रस्त्यांची मांडणी, कॅमेरे, चांगली बस आणि ट्राम, हे कंटाळवाणं काम न थकता केलेलं. मला वाटतं सरसकट ३० हा शहराचा नियम असावा, त्यासाठी कोणाला सह्या गोळा कराव्या लागू नयेत, आणि कुंडी कुठे, बाक कुठे, कोपरा कसा आवळायचा हे मात्र तिथल्या लोकांनीच ठरवावं, कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला बरोबर घेऊन.

आमची ट्रायल संपल्यावर परत खडू, परत स्टॉपवॉच. पन्नासच्या वर जाणाऱ्या गाड्या दिसेनाशाच झाल्या म्हणायला हरकत नाही, तिशीच्या आसपास बऱ्याच आल्या. मधल्या अरुंद जागेवर सुरुवातीला हॉर्नची फार कटकट झाली, आधी मी का तू, मग लोकांना सवय लागली, काहीजण तर हात करून एकमेकांना जागा द्यायला लागले. दोन घरांना अजूनही ते ड्रम बघवत नाहीत आणि ते तसं तोंडावर सांगतात. पार्किंगच्या दोन जागा गेल्या त्याचा राग वेगळाच. ऑफिसात फाईल पक्क्या बांधकामासाठी गेलीये, कुठल्या टेबलावर आहे ते विचारू नका.

आणि मग पलीकडच्या गल्लीतल्या काही बायका मिटिंगला येऊन बसल्या. त्यांनी मोजलं होतं. सकाळच्या वेळी त्यांच्याकडे गाड्या वाढल्यात, आणि त्या तुमच्याकडून आल्यात, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातले दोघं-तिघं लगेच उसळले, की तुमच्याकडे आधीपासूनच जास्त होत्या. मग एकीने वही पुढे सरकवली, त्यात आधीचेपण आकडे होते, आमची ट्रायल सुरू व्हायच्या आधीचे. आमच्याकडे फक्त वेग होता, गाड्या किती हे आम्ही मोजलंच नव्हतं. तेव्हा आता नकाशा दोन्ही गल्ल्यांचा मिळून काढायचा ठरलंय, पुढची मिटिंग त्यांच्या बाजूला आहे, आणि त्यांची पहिली मागणी अशी आहे की तुमचे दोन ड्रम आमच्या तोंडाशी आणून ठेवा.